चावडीवरची हजेरी, चौकातला कॅमेरा

जनावरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. विकणारा आणि घेणारा हातात हात घालतात, वरून टॉवेल टाकतात आणि बोटे दाबून भाव सांगतात. भोवती शेकडो माणसे असतात, पण कितीला ठरले ते त्या दोघांनाच कळते. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलार बैल बघत हिंडलेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. खाजगीपणा ही शिकल्यासवरलेल्या शहरी लोकांची चैन आहे असे जे म्हणतात, त्यांनी हा रुमाल आठवावा. बैल चोरीचा नसतो, भावही लाजिरवाणा नसतो. तरी तो झाकला जातो, कारण अडलेल्या माणसाने कितीला सोडले हे बाजारभर झाले तर पुढच्या सौद्यात तोच मार खातो.

आज याच तालुक्यात किराणा दुकानात कॅमेरा आहे, पेट्रोल पंपावर आहे, पतसंस्थेत आहे, शाळेच्या फाटकावर आहे. डाळिंब चोरीला जाते म्हणून शेतकरी बागेतही लावतो. यातल्या प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्रपणे विचारले तर त्याच्याकडे चांगले कारण असते. प्रश्न सुटा कॅमेरा नव्हे. रेशनच्या यंत्रावरचा अंगठा, मोबाइलचा क्रमांक, बँकेचे खाते, गाडीची पाटी आणि चेहरा ही सगळी टोके एकाच माणसाशी बांधता येऊ लागली, तिथून प्रश्न सुरू होतो. पूर्वी संशय यायचा आणि मग पाळत ठेवली जायची. आता सगळ्यांची नोंद आधी होते आणि संशयित कोण ते नंतर त्या नोंदीतून निवडता येते. सामूहिक पाळत म्हणतात ती हीच.

ही गोष्ट नवी आहे असे समजू नये. आपल्या सोलापूर जिल्ह्याने ती एकदा पुरती भोगलेली आहे.

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि नोंदवलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद झाली. १९२४ मध्ये हे सगळे एका कायद्यात बांधले गेले. गुन्हा करावा लागत नव्हता, त्या जमातीत जन्म पुरेसा होता. नाव रजिस्टरला चढले की ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परगावी जायचे तर पास काढायचा, मुक्काम बदलला तर कळवायचे. सोलापुरात या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी अशा किती तरी जमातींची कुटुंबे तिथे राहिली, तिथली माणसे गिरण्यांत राबली. सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हणून सांगा, तो आजही बरोबर त्याच भागात नेतो.

या व्यवस्थेतले सर्वांत वेदनादायक उदाहरण रामोशांचे आहे. गावाची राखण करणे हे त्यांचे वतनाचे काम. रात्री जागून गाव सांभाळणाऱ्या माणसाला सरकारी कागदाने संशयित केले आणि त्याच चावडीवर त्याला हजेरीला उभे केले. पाळतीचा हा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे: ती माणसाचे वर्तन टिपण्याआधी त्याची जागा ठरवते. जो रोज हजेरी देतो तो चोर असणारच, असे गाव मानू लागते. काही पिढ्यांनी तो स्वतःही तसे मानू लागतो. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही पुस्तके ज्यांनी वाचली आहेत, त्यांना पोलिसाच्या चाहुलीने पालात काय होते हे मी नव्याने सांगायला नको.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी हुकूम काढून बंद केली. ब्रिटिश मुलखात त्यासाठी आणखी तीन दशके जावी लागली. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये गेला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस भटके-विमुक्त समाज विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण कायदा गेला तरी यादी गेली नाही. त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. गावाजवळ चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली धाड पडते, हे आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये पोलिसांच्या ‘हिस्ट्री शीट’विषयी निकाल देताना या पूर्वग्रहाची दखल घेतली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद आणि विमुक्त जमातींना जन्मतः सराईत मानण्याची प्रवृत्ती घटनाबाह्य ठरवली. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी.

घटना लिहिली जात असताना हा विषय आलाच नव्हता असे नाही. कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. आंबेडकर यांच्या १९४७ च्या मसुद्यांत अवाजवी झडतीपासून संरक्षणाचा विचार होता. तो पुढे वगळला गेला. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली: घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये. आंबेडकरांनी ती मान्य करण्याची तयारी दाखवली होती. तरी मतदानात ती पडली. आपल्या वऱ्हाडातल्या एका माणसाने मागितलेला तो हक्क तेव्हा घटनेत बसला असता, तर पुढची सत्तर वर्षे न्यायालयात चाचपडावे लागले नसते, असे मला मनापासून वाटते.

कारण ती पोकळी लगेच भोवली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की असा हक्क घटनेत वेगळा दिलेला नाही. डिसेंबर १९६२ मध्ये खरकसिंग खटला आला. पोलीस रात्री-अपरात्री दार वाजवून माणूस घरात आहे का ते बघत. न्यायालयाने ही रात्रीची भेट रद्द केली, पण मागावर राहणे आणि येण्याजाण्याच्या नोंदी ठेवणे चालू दिले. म्हणजे आपल्याकडचा पाळतीचा पहिला मोठा खटलासुद्धा हजेरीचाच होता. न्या. सुब्बाराव यांनी मात्र वेगळे मत दिले. त्यांचे म्हणणे असे की सतत नजरेखाली असलेला माणूस शरीराने हिंडेल, पण मोकळा असणार नाही. त्यांचा विचार मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे, आणि त्यात आणीबाणीतला १९७६ चा तो निकाल मोडीत काढला गेला ज्यावर त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड यांची सही होती. या निकालाने सरकारला कसोटी घालून दिली: हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. पुढे जे काही पाहायचे ते या मापाने पाहू.

पहिले आधार पत्र महाराष्ट्रातच दिले गेले, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. कायदा आला २०१६ मध्ये. मधली साडेपाच वर्षे कोट्यवधी लोकांचे ठसे आणि बुबुळे कोणत्याही कायद्याशिवाय गोळा झाली. २०१८ च्या निकालात बहुमताने योजना टिकली, खाजगी कंपन्यांना असलेली मुभा गेली. पण गावात प्रश्न घटनेचा नसतो, अंगठ्याचा असतो. ऊसतोड, खडी फोडणे, गवंडीकाम यांत बोटे झिजतात आणि रेशनच्या यंत्रावर ‘अंगठा लागत नाही’. यंत्र चुकले तरी हेलपाटा माणसाचा होतो. ओळख पटवण्याचे ओझे नेहमी त्याच्यावर, ज्याला धान्य हवे आहे.

रोजगार हमीचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही योजना देशाला दाखवली. सांगोला, आटपाडी, जत, माण या माणदेशी पट्ट्यात त्या कामांवर किती घरे जगली हे जुन्या लोकांना विचारावे. देशाच्या रोजगार हमीत १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलवर घेणे वैयक्तिक लाभाची कामे सोडून सगळ्या कामांवर सक्तीचे झाले: दिवसातून दोनदा, जागेच्या खुणेसह फोटो काढून. शब्द पुन्हा तोच, हजेरी. रेंज नसली, फोटो चढला नाही, तर खाडा पडण्याची भीती मजुराला. आणि चोरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवले की भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचा फोटो काढून हजेरी लावली जाते. खोटी हजेरी लावणाऱ्याने वाट काढली, खऱ्या मजुराला मात्र दोनदा कॅमेऱ्यापुढे उभे राहावे लागले. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जागा कळवणारी घड्याळे बांधली. कोणत्या वस्तीतले लोक ते काम करतात हे सांगायला नको. अशी घड्याळे कोणत्या आयुक्ताच्या किंवा नगरसेवकाच्या हातावर मी पाहिली नाहीत.

शहरातल्या कॅमेऱ्यांचा इतिहास स्फोटांनी लिहिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने मुंबईसाठी कॅमेऱ्यांची शिफारस केली आणि २०१६ मध्ये सुमारे ५,००० कॅमेऱ्यांचे जाळे चालू झाले. पुण्यात जर्मन बेकरीच्या २०१० मधल्या स्फोटानंतर तीच मागणी आली. कॅमेऱ्याचा उपयोग नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर टिपलेली चित्रे खटल्यात पुरावा म्हणून उभी राहिली. पण हल्ला त्या कॅमेऱ्यांनी थांबला नव्हता. चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, तेही मुख्यतः वाहनतळांवर. हाणामारी आणि हिंसेवर ठळक परिणाम दिसला नाही. आपल्याकडे मात्र कोणतीही घटना घडली की ‘कॅमेरे बसवा’ ही मागणी पहिली आणि बसवल्यावर काय साधले याचा हिशेब कधीच नाही.

त्यातही आता नुसते चित्र राहिलेले नाही. महाराष्ट्र पोलिसांकडे बोटे, तळहात, बुबुळे आणि चेहरा एकत्र जुळवणारी यंत्रणा आहे. २०२४ मध्ये राज्याने नागपुरात ‘मार्वेल’ नावाची कंपनी पोलिसांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्थापन केली. २०२२ च्या गुन्हेगार ओळख कायद्याने अटक झालेल्याचीही मोजमापे घेऊन ती ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. अटक झालेला माणूस दोषी असतोच असे नाही. आणि अटका कोणाच्या जास्त होतात हे सेटलमेंटच्या इतिहासाने सांगितले आहे. जुन्या रजिस्टरवर शिकलेले यंत्र जुनाच संशय नव्या वेगाने फिरवील, ही माझी यातली सर्वांत मोठी भीती आहे.

एक फरक मात्र ठामपणे करायला हवा. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसे येतात. चंद्रभागेच्या वाळवंटात, दर्शनबारीत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून ड्रोनने गर्दी पाहिली, डोकी मोजली, तर त्याला विरोध कशासाठी करायचा? डोकी मोजायला नावे लागत नाहीत. वारकऱ्याचा चेहरा टिपून, ओळखून, साठवून ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्को या तंत्रज्ञानाच्या माहेरघराने २०१९ मध्ये आपल्या पोलिसांना चेहरा ओळखण्याचे तंत्र वापरायला बंदी केली, युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात त्यावर कडक मर्यादा घातल्या. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदाच नाही. २०१७ च्या कसोटीतली पहिली पायरीच चुकते.

फोनचे काय? १८८५ च्या तार कायद्यावर सगळा डोलारा उभा होता. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: परवानगी गृहसचिवाची, मुदत ठरलेली, आढावा समितीचा. समितीत सगळे अधिकारीच, न्यायाधीश एकही नाही. माहिती अधिकारातून २०१४ च्या सुमारास बाहेर आले की एकटे केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० फोन ऐकण्याचे आदेश काढते. दिवसाला अडीचशे-तीनशे. एक माणूस इतक्या आदेशांचा विचार करून सही करतो असे कोण मानील? ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीतकुमार खटल्यात असे आदेश बेकायदा ठरवून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली, तो निकाल म्हणूनच मोलाचा.

महाराष्ट्राच्या राजकारण्यांनाही याची झळ लागली. नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत सांगितले की आपला फोन ‘अमजद खान’ या नावाखाली ऐकला गेला. इतर नेत्यांचीही नावे आली, २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कोणाचे खरे हा वाद मी इथे उकरत नाही. माझा मुद्दा इतकाच की राज्याच्या विधिमंडळात बसणाऱ्याला जे कळायला वर्षे लागली, ते एखाद्या कार्यकर्त्याला किंवा तालुक्याच्या वार्ताहराला कधीच कळणार नाही. कायद्यात तसे कळवण्याची तरतूदच नाही.

भीमा कोरेगाव प्रकरण याहून पुढे जाते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटकसत्र सुरू केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल या अमेरिकी न्यायवैद्यक कंपनीने, बचाव पक्षाच्या सांगण्यावरून, अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या संगणकाचा अभ्यास करून म्हटले की बाहेरून घुसवलेल्या प्रणालीने त्यात फायली टाकल्या होत्या. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि निर्णय न्यायालयाचा आहे. पण घरात शिरणारा डोळा उद्या हातही होऊ शकतो, हा धोका या अहवालाने समोर ठेवला. फोनमध्ये शिरून पाळत ठेवणाऱ्या पेगासस या प्रणालीच्या चौकशीत सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक प्रणाली सापडली, ती पेगासस होती असे ठामपणे म्हणता आले नाही आणि सरकारने सहकार्य केले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हे न्यायालयातच नोंदले गेले.

‘मला लपवायचे काही नाही, मग मी का घाबरू?’ हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टपरीपासून वकिलांच्या खोलीपर्यंत ऐकू येतो. प्रामाणिक माणसे तो विचारतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. पाळतीचे नुकसान पकडले जाण्यात नसते, गप्प बसण्यात असते. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेची पाळत उघड केल्यावर विकिपीडियावरच्या दहशतवादाशी संबंधित लेखांचे वाचन घटल्याचे एका अभ्यासात दिसले. वाचणे हा गुन्हा नव्हता, तरी लोकांनी वाचायचे टाळले. आपल्या गावात याची रूपे वेगळी. टँकर वेळेवर येत नाही ही तक्रार व्हॉट्सअॅपच्या गटात टाकावी की नाही, असा विचार माणूस करतो. मोर्चात पुढे उभे राहिलो तर चेहरा येईल, आणि मुलाच्या पोलीस पडताळणीत अडचण होईल, अशी कुजबूज होते. अशी भीती खरी ठरायची गरजच नसते. ती मनात बसली की काम झाले.

यावर एक खरा आक्षेप येतो: गावात कधी खाजगीपणा होता? कोण कोणाच्या घरी गेले हे पारावर कळतेच. हे बरोबर आहे, आणि त्या नजरेचा जाच कोणी सोसला हेही आठवले पाहिजे. सुनेने आणि विधवेने सोसला, वेशीबाहेरच्या वस्तीने सोसला. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्याची कठोर शब्दांत चिकित्सा केली, आणि आपल्या लोकांना गाव सोडायला सांगितले. शहरात कोणी ओळखत नाही हीच त्यांच्या लेखी मोठी मुक्ती होती. ती अनोळखीपणाची सावली चेहरा ओळखणारा कॅमेरा काढून घेतो. मुलींच्या बाबतीत तर घरचेच पुढे असतात. सुरक्षेसाठी म्हणून फोनवर जागा दाखवणारे अॅप घातले जाते, पुढे कॉलेजची वाट, मैत्रिणीचे घर, सगळे तपासले जाते. तिच्या सुरक्षेची काळजी खरी असते, पण त्या काळजीने तिचे शिक्षण सुटले तर हिशेब कोणाच्या नावे मांडायचा?

गावची नजर निदान दोन्हीकडून चालते. तुम्ही पारावरच्याला बघता, तोही तुम्हाला बघतो. सरकारची आणि कंपनीची नजर एकतर्फी आहे, आणि ती अधिक एकतर्फी होत चालली आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कंपन्यांवर काही बंधने घालतो, पण सरकारला आपल्या यंत्रणा त्यातून वगळण्याची मोकळीक देतो. त्याच कायद्याने माहिती अधिकारातले ८(१)(ञ) हे कलम बदलले. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा सार्वजनिक हितासाठी मिळू शकेल असे त्या कलमातच म्हटले होते, आता ते शब्द तिथून गेले. २००२ मध्ये, केंद्राच्या आधी तीन वर्षे, माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने हे निमूटपणे पाहावे याचे दुःख वाटते. रोजगार हमीच्या मजुराचा फोटो सर्व्हरवर जातो, आणि त्याच कामावरच्या खर्चाची कागदपत्रे मागितली की ‘वैयक्तिक’ म्हणून नकार मिळायची वाट खुली होते.

नजर उलटीही फिरवता येते. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा, कोठडी, व्हरांडा, फाटक सगळे दिसू द्या, आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान एक वर्ष ठेवा असा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून, कॅमेरे चालत का नाहीत म्हणून स्वतःहून प्रकरण हाती घ्यावे लागले. चौकातले कॅमेरे चालतात आणि ठाण्यातले बंद पडतात, हे मला या सगळ्या विषयाचे सार वाटते. पाळत जिथे दुबळ्याला सबळापासून वाचवते, तिथेच ती बसत नाही.

मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर महाराष्ट्रात शाईचा शिक्का मारला जात होता. काही दिवसांनी तो पुसला जाई. साठवलेल्या चेहऱ्याला आणि ठशाला अशी मुदत नाही, ती आपण मागायला हवी.

तेव्हा एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेच्या सभेत चार गोष्टी विचारा. गावात सार्वजनिक खर्चाने किती कॅमेरे बसले आणि कोणत्या ठरावाने? त्यांचे चित्रण कोण बघतो? किती दिवसांनी ते पुसले जाते? आणि आपल्या पोलीस ठाण्यातले कॅमेरे आज चालू आहेत का? उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी मागा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.